डच वाक्य वाचताना



प्रारंभीच एक वाक्य तुमच्यापुढे ठेवतो. ‘द वेर्कखेव्हर झेख्त द ओव्हरेन्कोम्स्त ओप.’ वाक्य डच भाषेतले आहे. ‘वेर्कखेव्हर’ म्हणजे काम देणारा, अर्थात मालक. ‘झेख्त’ म्हणजे म्हणतो, सांगतो. ‘ओव्हरेन्कोम्स्त’ म्हणजे करार. इथवर आलेला नवशिका मनाशी म्हणतो, ‘मालक करार सांगतो आहे, सांगू दे बापडा.’ पण वाक्य अजून संपलेले नसते. अगदी शेवटी, पूर्णविरामाच्या अंगाला चिकटून, ‘ओप’ हा एवढासा शब्द उभा असतो. कोशात त्याचा अर्थ ‘वर’ असा मिळतो. तो इथे कुठेच बसत नाही म्हणून नवशिका त्याला सोडून देतो. आणि नेमका तिथेच फसतो, कारण साऱ्या वाक्याचा जीव त्या ‘ओप’मध्ये आहे. ‘झेख्त’ आणि ‘ओप’ हे दोन शब्द मिळून एकच क्रियापद आहे. मूळ रूप ‘ओप्झेखन’, अर्थ नोटीस देऊन संपवणे. मालक करार सांगत नाही. मालक करार संपवतो आहे.

कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने या वसंतात डच व्याकरणावर बोलावे याचे काहींना नवल वाटले असेल. मी काही भाषापंडित नव्हे. माझी शाळा लवकर सुटली, आणि पुढे जे काही शिकलो ते नोटिसा, करारनामे, कोर्टाचे निकाल वाचता वाचता शिकलो. डचकडे वळलो तेही एका करारनाम्यामुळेच. ती हकीकत पुढे ओघाने येईल. आज मी सांगणार आहे ते इतकेच, की ही भाषा शिकू लागलेल्या माणसाचा पाय कुठे घसरतो, आणि मराठी माणसाला तिथे कोणता आधार सापडतो.

डच ही नेदरलँड्सची भाषा. बेल्जियमच्या उत्तर भागातही तीच चालते, आणि दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम या देशाची ती राजभाषा आहे. सारे मिळून सुमारे अडीच कोटी लोक ती बोलतात. आपला आणि तिचा संबंध अगदीच नाही असे नाही. डच कंपनीने १६३७ साली वेंगुर्ल्यात वखार घातली, आणि त्या वखारीचे अवशेष आजही तिथे उभे आहेत. याच कंपनीच्या केटेलार नावाच्या नोकराने सतराव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्तानी भाषेचे व्याकरण डचमध्ये लिहिले. पुढे १८७३ ते १९१६ या काळात उत्तर हिंदुस्थानातील सुमारे ३४ हजार माणसे पाच पाच वर्षांच्या करारावर सुरिनामच्या मळ्यांत नेली गेली. ती आपल्या भागातली नव्हती, पण परक्या मुलुखातल्या करारावर अंगठा उठवणे म्हणजे काय ते आपल्याला समजते. आणि २००७ साली आपल्या टाटांनी कोरस ही कंपनी घेतली, तेव्हा तिच्याबरोबर डच किनाऱ्यावरचा आयमुइडनचा मोठा पोलाद कारखानाही आला. तिथल्या कामगारांनी २०२० च्या जूनमध्ये संप केला. आता हे सगळे डचमध्येच लिहिले-बोलले गेले, हे सांगायला नकोच.

उच्चारांविषयी दोन शब्द बोलून पुढे जातो. डच ‘ग’ हा आपला ‘ग’ नव्हे. घसा खाकरल्यासारखा, उर्दूतल्या ‘ख़बर’च्या ‘ख़’जवळचा तो आवाज आहे. मी तो सरळ ‘ख’ असा लिहितो. बाकीचे उच्चारही देवनागरीत जवळपास बसतात, तंतोतंत नव्हे.

आता मुख्य मुद्दा. पुष्कळ लोक सांगतात, की डच ही इंग्रजीची चुलत बहीण, तेव्हा इंग्रजी येत असेल तर डच सोपी जाते. शब्दांपुरते हे खरे आहे. वाक्यरचनेच्या बाबतीत मात्र मला उलटा अनुभव आला. हे पाहा: ‘दत इक अन बूक लेस’. ‘दत’ म्हणजे ‘की’. पुढे ‘इक’ म्हणजे मी, ‘अन’ म्हणजे एक, ‘बूक’ म्हणजे पुस्तक, ‘लेस’ म्हणजे वाचतो. ‘की मी एक पुस्तक वाचतो.’ शब्दाखाली शब्द ठेवा. एकही जागचा हलवावा लागत नाही! प्रथम कर्ता, मग कर्म, शेवटी क्रियापद, ही आपली आईने शिकवलेली रचना. इंग्रजीच्या वाटेने आलेल्या माणसाला इथे क्रियापद शेवटापर्यंत ढकलत न्यावे लागते. आपल्याला ते जागेवरच सापडते.

मग अडचण कुठे आहे? अडचण अशी, की हे वाक्य ‘दत’ने सुरू झालेले, दुसऱ्या वाक्याच्या पोटातले, म्हणजे गौण वाक्य आहे. तेच वाक्य स्वतंत्र झाले, की क्रियापद शेवटची जागा सोडून दुसऱ्या जागेवर येऊन बसते. ‘इक लेस अन बूक.’ शब्दशः ‘मी वाचतो एक पुस्तक’. यान कोस्टर या भाषाशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये असे प्रतिपादन केले, की डचमध्ये क्रियापदाचे मूळ घर वाक्याच्या शेवटीच आहे, आणि मुख्य वाक्यात ते तिथून उठून पुढे आणले जाते. विद्वानांच्या वादात मी पडत नाही. पण मराठी माणसाने शिकताना याच वाटेने जावे. वाक्य आधी मनात मराठी क्रमाने मांडावे, आणि मग शेवटचे क्रियापद उचलून दुसऱ्या पाटावर बसवावे.

हा दुसरा पाट फार महत्त्वाचा आहे. ‘दुसरा’ म्हणजे दुसरा शब्द नव्हे, दुसरे स्थान. पहिल्या पाटावर कोणीही बसू शकतो. कर्ता बसला तर ‘इक लेस’. ‘मोर्खन’ म्हणजे उद्या. तो पहिल्या पाटावर बसला, तर ‘मोर्खन लेस इक अन बूक’. इथे कर्ता उठून क्रियापदाच्या पलीकडे गेला, क्रियापद मात्र जागचे हलले नाही. नवशिका हटकून ‘मोर्खन इक लेस’ म्हणतो. डच माणसाला अर्थ कळतो, पण कानाला ते खटकते. पहिल्या पाटावर दोघांना बसवू नये, इतके लक्षात ठेवले म्हणजे पुरे. प्रश्न विचारायचा असेल तर पहिला पाट रिकामाच ठेवतात, आणि वाक्य क्रियापदानेच सुरू होते. ‘लेस यै अन बूक?’ म्हणजे ‘तू पुस्तक वाचतोस का?’ ‘यै’ म्हणजे तू. आपल्या ‘का’सारखा वेगळा शब्द त्यांना लागत नाही.

आता क्रियापदाची रूपे. इथे आपण हायसे वाटून घ्यावे. ‘इक वेर्क’, मी काम करतो. ‘यै वेर्क्त’, तू काम करतोस. ‘है वेर्क्त’, तो काम करतो. अनेकवचनात आम्ही, तुम्ही, ते सर्वांना एकच ‘वेर्कन’. बस्स. करतो आणि करते हा भेद नाही, बाईचे आणि पुरुषाचे क्रियापद एकच. ‘यै’ क्रियापदाच्या मागे गेला तर मात्र शेवटचा ‘त’ गळतो: ‘यै वेर्क्त’, पण ‘वेर्क यै?’ उद्याच्या गोष्टी ते पुष्कळदा वर्तमानकाळातच सांगतात, जसे आपण ‘उद्या येतो’ म्हणतो.

भूतकाळासाठी एक सोय आहे, ती सांगण्यासारखी आहे. क्रियापदाचा शेवट कोणत्या व्यंजनाने होतो ते पाहायचे. त, क, फ, स, ख, प यांपैकी असेल, म्हणजे आपल्या व्याकरणाच्या भाषेत कठोर व्यंजन असेल, तर ‘त’चा प्रत्यय लागतो, नाहीतर ‘द’चा. ही सहा व्यंजने ध्यानात राहावीत म्हणून डच मुलांना ‘त कोफ्सखिप’ हा शब्द पाठ करायला लावतात. ‘कोफ्सखिप’ हे पूर्वीच्या एका मालवाहू शिडाच्या जहाजाचे नाव. दर्यावर्दी लोकांचे व्याकरणही जहाजावर चढूनच आलेले आहे! ‘स्ताकन’ म्हणजे संप करणे. मूळ ‘स्ताक’, शेवटी ‘क’, जहाजातला. म्हणून ‘स्ताक्त’, संप केला. ‘बतालन’ म्हणजे पैसे चुकते करणे. शेवटी ‘ल’, जहाजात नाही, म्हणून ‘बताल्द’. ही ‘संधी’ आपल्याला परकी वाटू नये. कठोराशेजारी कठोर आणि मृदूशेजारी मृदू हा न्याय आपण संस्कृतातही पाहतो.

‘स्ताकन’वरून एक गोष्ट आठवते, ती वगळून पुढे जाववत नाही. १९४१ साली नेदरलँड्सवर जर्मन सत्ता असताना ॲम्स्टरडॅममध्ये ज्यूंची धरपकड सुरू झाली. तेव्हा २५ फेब्रुवारीला ट्रामवाले, गोदीवाले, कारखान्यांतले कामगार यांनी काम बंद ठेवले. त्या संपाची हाक देणारे पत्रक गुप्तपणे छापून वाटलेले होते, आणि त्यावर ठळक अक्षरांत एकच शब्द तीनदा होता: ‘स्ताक्त! स्ताक्त! स्ताक्त!’ हा भूतकाळ नव्हे. ही आज्ञा आहे, ‘संप करा’. एकाला सांगायचे तर ‘स्ताक’, अनेकांना सांगायचे तर ‘स्ताक्त’, असा भेद जुन्या डचमध्ये होता. आपल्या ‘कर’ आणि ‘करा’सारखा. आजच्या बोलीतून हा ‘त’ जवळजवळ गेला आहे. त्या संपाची आठवण म्हणून गोदी कामगाराचा एक पुतळा १९५२ पासून ॲम्स्टरडॅममध्ये उभा आहे. हात किंचित पसरून उभा असलेला तो धिप्पाड गडी मी चित्रात पाहिला आहे. असो. व्याकरणाकडे वळू.

पूर्ण झालेली क्रिया सांगताना डचमध्ये क्रियापदाचे दोन तुकडे होतात. ‘इक हेप खिस्तरन अन बूक खलेझन.’ म्हणजे ‘मी काल एक पुस्तक वाचले.’ ‘हेप’ हे साहाय्यक क्रियापद दुसऱ्या पाटावर आहे. ‘खलेझन’, म्हणजे ‘वाचलेले’, हे शेवटच्या पाटावर. मधे काल, पुस्तक, आणि हवे तर घरात, दिव्याखाली, चहा पिता पिता, वाटेल तेवढे भरता येते. त्यांचे व्याकरणकार या रचनेला चिमटा म्हणतात. चिमट्याची दोन टोके कुठे आहेत ते आधी पाहावे, मग मधला मजकूर वाचावा. मी तर सुरुवातीला पेन्सिलीने दोन्ही टोकांखाली रेघा ओढीत असे. ‘विल’, म्हणजे इच्छितो, याचेही असेच: ‘इक विल अन बूक लेझन’, मला एक पुस्तक वाचायचे आहे.

या साहाय्यकांतही दोन जाती आहेत. ‘इक हेप खलेझन’ म्हणजे मी वाचले, पण ‘मी आलो’ म्हणायचे तर ‘हेप’ चालत नाही. ‘इक बेन खकोमन’ म्हणावे लागते. ‘हेप’ म्हणजे मजजवळ आहे, ‘बेन’ म्हणजे मी आहे. मराठी माणसाने जरा कान देऊन ऐकावे. आपणही ‘मी पुस्तक वाचले’ आणि ‘मी आलो’ यांत भेद करतोच. एकात क्रियापद पुस्तकाच्या मागे जाते, दुसऱ्यात माझ्या. जागा बदलणे, स्थिती बदलणे अशा क्रियांना डचमध्ये ‘बेन’ लागते: आलो, गेलो, मेलो, वाढलो. मात्र ही तुलना फार ताणू नये. ‘मी झोपलो’ हे आपल्याकडे ‘मी आलो’च्या पंक्तीला बसते, पण डचमध्ये झोपेला ‘हेप’ लागते.

आता पहिल्या वाक्यातल्या त्या ‘ओप’कडे येतो. डचमध्ये अशी शेकडो क्रियापदे आहेत, की ज्यांचे डोके धडापासून सुटते. ‘आन्नेमन’ म्हणजे स्वीकारणे. पण मुख्य वाक्यात ‘नेमन’, म्हणजे घेणे, दुसऱ्या पाटावर जाते आणि ‘आन’ शेवटी राहतो. ‘वै नेमन हेत व्होर्स्तेल आन.’ आम्ही प्रस्ताव स्वीकारतो. आणि नकार? ‘वै नेमन हेत व्होर्स्तेल नीत आन.’ ‘नीत’ म्हणजे नाही. तोही वाक्याच्या टोकाला, ‘आन’च्या उंबरठ्यावर येऊन उभा राहतो. सभेत कोणी हे वाक्य बोलू लागला, तर शेवटच्या दोन शब्दांपर्यंत टाळ्याही वाजवता येत नाहीत आणि निषेधही करता येत नाही. ‘वै लेखन हेत वेर्क नेर’, शब्दशः ‘आम्ही काम खाली ठेवतो’, म्हणजे काम बंद. ‘नेर’ ऐकू आला नाही, तर ऐकणारा ‘लेखन’पाशी, म्हणजे ‘ठेवतो’पाशी, अडकून राहतो.

हेच वाक्य ‘दत’च्या पोटात गेले, की क्रियापद आपल्या मूळ घरी, शेवटी परतते, आणि तिथे त्याचे तुटलेले डोके त्याची वाटच पाहत असते. ‘दत वै हेत व्होर्स्तेल आन्नेमन.’ दोन्ही पुन्हा एक झाले. माझ्या मते क्रियापदाचे घर शेवटी आहे याचा याहून सोपा पुरावा नाही. धड फिरायला गेले, डोके घरीच होते.

आता उभयान्वयी अव्यये. इथे मी जरा थांबणार आहे, कारण करारनाम्यात माणूस नामांवर मरत नाही, या छोट्या शब्दांवर मरतो. यांचे दोन तट आहेत. एका तटात ‘एन’ म्हणजे आणि, ‘मार’ म्हणजे पण, ‘ओफ’ म्हणजे किंवा, ‘वन्त’ म्हणजे कारण. हे गरीब शब्द. वाक्यांना जोडतात आणि बाजूला होतात, क्रमाला हात लावत नाहीत. दुसऱ्या तटात ‘दत’, ‘ओम्दत’, ‘अल्स’, ‘हूवेल’, ‘तेन्झै’, ‘मित्स’ असे आहेत. हे आले, की क्रियापदाला शेवटी पिटाळतात.

‘वन्त’ आणि ‘ओम्दत’ दोघांचाही अर्थ ‘कारण’. पण पाहा. ‘वै स्ताकन, वन्त हेत लोन इस त लाख.’ आम्ही संप करतो, कारण पगार फार कमी आहे. (‘लोन’ म्हणजे पगार आणि ‘लाख’ म्हणजे कमी! डच कामगार पगार ‘लाख’ आहे असे म्हणाला, तर त्याचे अभिनंदन करू नका.) ‘इस’ म्हणजे आहे, ते आपल्या दुसऱ्या पाटावर आहे. आता ‘ओम्दत’ घ्या: ‘वै स्ताकन, ओम्दत हेत लोन त लाख इस.’ ‘इस’ शेवटी गेले. मराठीत याला जुळते ते ‘पगार फार कमी आहे म्हणून’. आणि ‘ओम्दत’चे वाक्य आधीही घेता येते, ‘वन्त’चे येत नाही. ‘ओम्दत हेत लोन त लाख इस, स्ताकन वै.’ पगार फार कमी आहे म्हणून आम्ही संप करतो. इथे ‘इस’ आणि ‘स्ताकन’ ही दोन क्रियापदे एकमेकांना टेकून बसलेली दिसतात, मधे फक्त स्वल्पविराम. नवशिका बावचळतो. खरे म्हणजे ‘ओम्दत’ ते ‘इस’ हे अख्खे वाक्य पहिल्या एका पाटावर बसलेले आहे, म्हणून दुसऱ्या पाटावर लगेच ‘स्ताकन’. नियम मोडलेला नाही, फक्त पाहुणा मोठा आहे.

‘ओफ’विषयी सावध राहावे. तो दोन्ही तटांत असतो. ‘किंवा’ या अर्थी तो गरीब; पण ‘तो येतो की नाही ते मला माहीत नाही’ यातल्या ‘की नाही’चे कामही तोच करतो, आणि तेव्हा क्रियापद शेवटी जाते. अर्थ ओळखण्यासाठी क्रियापदाची जागा पाहावी.

आता ‘मित्स’ आणि ‘तेन्झै’. ‘मित्स’ म्हणजे ‘या अटीवर की’. ‘तेन्झै’ म्हणजे ‘नसेल तरच’, ‘हा अपवाद सोडून’. ‘वै वेर्कन, मित्स है बताल्त.’ तो पैसे देणार असेल तरच आम्ही काम करू. ‘वै स्ताकन, तेन्झै है बताल्त.’ त्याने पैसे दिले नाहीत तर आम्ही संप करू. या दोन शब्दांची अदलाबदल करून पाहा. तो पैसे देईल या अटीवर आम्ही संप करू. आणि पैसे दिले नाहीत तर काम करू. दोन्ही वाक्ये व्याकरणात निर्दोष आहेत, आणि अशी वाक्ये घेऊन कोणी वाटाघाटीला बसला, तर त्याची संघटना दुसऱ्या दिवशी शिल्लक राहणार नाही.

आमच्या एका जुन्या सभासदाचा मुलगा, वेल्डर, काही वर्षांपूर्वी एका वर्षाच्या करारावर तिकडे गेला. कंत्राटदाराने त्याच्या हातात इंग्रजी गोषवारा दिला होता; सही मात्र डच प्रतीवर घेतली. जवळपास दहा महिने झाल्यावर त्याच्या बापाने फोनवर आलेला त्या कागदाचा फोटो माझ्यापुढे धरला. पोरगा फोनवर म्हणाला, ‘काका, साहेब तोंडी बोललाय, पुढे चालू राहील म्हणून. मी खोलीचं भाडं पुढच्या वर्षाचं ठरवलंय.’ कागदावर होते: ‘द ओव्हरेन्कोम्स्त ऐन्दख्त ओप दर्तख यूनी, तेन्झै द वेर्कखेव्हर हार स्ख्रिफ्तलक व्हर्लेंग्त.’ त्या वेळी मला डचचा एक शब्द येत नव्हता. कोश उघडून एकेक शब्द लावीत बसलो. करार, संपतो, तीस जून, मालक, लेखी, वाढवतो. ‘तेन्झै’ला मी ‘जर’ समजलो, आणि पोराला सांगितले, की मालक वाढवणार असे दिसते. खरा अर्थ असा होता: मालकाने लेखी मुदत वाढवली नाही तर करार ३० जूनला संपतो. मुळात संपण्याचे वाक्य पक्के होते. वाढवणे हा अपवाद होता, आणि तोही ‘स्ख्रिफ्तलक’, म्हणजे लेखी. तोंडी शब्दाला तिथे जागाच नव्हती. लेखी काही आले नाही. एक जुलैला पोरगा भाड्याच्या खोलीत बेकार बसला होता. मी वेळेवर नीट वाचले असते, तर मेमध्येच लेखी माग म्हणून सांगितले असते. मिळाले असते की नाही ते वेगळे. पण मागायला तर हवे होते, आणि खोलीचा करार तरी टळला असता.

त्या पावसाळ्यात मी डच शिकायला बसलो.

कोणी म्हणेल, आता फोनच भाषांतर करून देतो, मग हा खटाटोप कशाला? फोन भाषांतर करतो आणि बरेचदा चांगले करतो, हे मी नाकारीत नाही. त्या पोराच्या खिशातही फोन होताच. पण कुठल्या वाक्यावर बोट ठेवायचे ते फोन सांगत नाही. आणि वाटाघाटीच्या मेजावर समोरचा माणूस ‘वै नेमन हेत व्होर्स्तेल...’ म्हणून श्वास घेतो, त्या श्वासात आपण कुठे आहोत हे ज्याचे त्यालाच कळावे लागते.

‘वेर्कखेव्हर’ या शब्दाविषयी माझी एक जुनी तक्रार आहे, ती इथे नोंदवतो. ‘वेर्कखेव्हर’ म्हणजे काम देणारा, मालक. आणि कामगाराला म्हणतात ‘वेर्कनेमर’, काम घेणारा. घाम गाळून काम देतो कोण आणि घेतो कोण? जर्मन भाषेतही अशीच जोडी आहे, आणि एंगेल्सने १८८३ साली ‘कॅपिटल’च्या तिसऱ्या जर्मन आवृत्तीच्या प्रस्तावनेत तिची चांगलीच टर उडवली आहे. पण डच कायद्यात हेच शब्द आहेत, सामूहिक कराराचा कायदा १९२७ पासून आहे त्यातही हेच, तेव्हा वाचताना ते गिळावेच लागतात.

शेवटी एक गाठ उरते. गौण वाक्यात सगळी क्रियापदे शेवटी गेली, की तिथे गर्दी होते. त्या गर्दीतला क्रम काय? ‘दत है झल कुनन बतालन’, म्हणजे ‘की तो पैसे देऊ शकेल’. आपले ‘देऊ शकेल’ सोडवा: देऊ, शक, आणि भविष्याचा ‘एल’. डचमध्ये ‘झल’ हा भविष्याचा, ‘कुनन’ म्हणजे शकणे, ‘बतालन’ म्हणजे देणे. आपलाच क्रम, पण आरशात पाहिल्यासारखा उलटा! ‘देऊ शकला असता’ हेही तसेच: ‘हत कुनन बतालन’, असता–शकणे–देणे. इतका वेळ आपल्या हातात हात घालून चाललेली भाषा शेवटच्या वळणावर अशी पाठ फिरवते. मी या गर्दीपाशी पुष्कळ दिवस अडलो. मग युक्ती सापडली, की मराठी क्रियापद शेपटीकडून वाचायचे. दोनच क्रियापदे असतील आणि त्यांतले एक ‘दिलेले’ या जातीचे असेल, तर मात्र दोन्ही क्रम चालतात: ‘हेफ्त बताल्त’ म्हणा किंवा ‘बताल्त हेफ्त’ म्हणा. यांतल्या पहिल्याला डच अभ्यासक तांबडा क्रम म्हणतात आणि दुसऱ्याला हिरवा. बोलीभाषांच्या एका नकाशावरच्या रंगांवरून ही नावे पडली. मी कोणता वापरतो ते सांगायला नको.

आणखी एक. ‘है बताल्त’, तो देतो, आणि ‘खलेर्त’, शिकलेला, या दोहोंच्या शेवटी कानाला ‘त’च ऐकू येतो, लिहिताना मात्र पहिल्यात ‘त’ आणि दुसऱ्यात ‘द’. खुद्द डच लोक शाळेपासून पेन्शनीपर्यंत इथे चुका करतात आणि एकमेकांना हसतात, जसे आपण ऱ्हस्व-दीर्घावरून हसतो. नवशिक्याने त्याची फार लाज बाळगू नये.

तो वेल्डर पोरगा पुढे दुसऱ्या ठिकाणी लागला. आता तो मला कागद पाठवतो ते चिमट्याच्या दोन्ही टोकांखाली रेघा ओढून. गेल्या महिन्यात त्याने एकच प्रश्न विचारला, ‘काका, हा ‘अर’ म्हणून शब्द प्रत्येक वाक्यात असतो, तो काय करतो?’ त्या ‘अर’ला एक संध्याकाळ पुरणार नाही. व्यवस्थापकांनी पुढच्या वर्षी बोलावले तर त्याच्याविषयी बोलेन.